शेवट आधी सांगायचा नाही

"थोरल्यांना त्यांचा धाकटाच मारतो, मॅडम."

विजयश्रीने दचकून वर पाहिलं. कंपनीची बस मोशीला थांबली होती आणि आत चढलेला एक उंच तरुण शेजारच्या सीटवर बसता बसता तिच्या मोबाइलमध्ये डोकावला होता. पडद्यावर 'काळी जहागीर'चा शेवटून दुसरा भाग चालला होता. एका गुन्हेगारी घराण्याच्या तीन पिढ्या! काळेवाडी ते चाकण या रस्त्यावर तिने ती मालिका पुरवून पुरवून पाहिली होती... आणि या बाबाने एका वाक्यात सगळा खेळ संपवला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"न्हाई... तोंडातनं गेलं बघा." त्याने जीभ चावली. "चुकलो."

"मग भरपाई द्या. हे संपल्यावर काय बघायचं ते सांगा. आणि याच्याहून फिकं चालणार नाही."

विजयश्री चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होती. सुटे भाग तपासायचे आणि स्टिकर लावायचे, हे तिचं काम. बरोबर असेल त्याला हिरवा ओके, चुकलेल्याला लाल रिजेक्ट, शंका असेल त्याला पिवळा होल्ड. माणसांच्या बाबतीतही तिचा निकाल तसाच झटपट असे. स्टोअरला नव्याने लागलेल्या या ज्ञानेशला तिने मनातल्या मनात लाल स्टिकर चिकटवून टाकला.

पण गडी वचनाचा पक्का निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने पोलिसांची एक मालिका सुचवली. मग तुरुंगातली. मग एक जाडजूड कादंबरी, जिच्यात पानोपानी मुडदे पडत होते. विजयश्री सगळं बघायची, वाचायची आणि सकाळी नाक मुरडायची.

"तुमच्या या माणसांना भूक लागत नाही का हो? नुसत्या गोळ्या खातात!"

तो इतका मोकळा हसायचा की पुढच्या सीटवरचे वळून बघायचे. चाकणच्या ट्रॅफिकला सगळी बस शिव्या घाली. विजयश्रीला मात्र वाटे, पुढचा कंटेनर अजून थोडा वेळ तसाच आडवा राहावा. लाल स्टिकर कधी गळून पडला, तिचं तिलाच कळलं नाही.

"खरं सांगा," एकदा तो म्हणाला, "त्या जहागिरीत तुमाला आवडलं तरी काय?"

तिने विचार केला. "ते जेवायला बसतात ना, ते. बाहेर एवढा रक्तपात झालेला असतो, आणि आत वहिनी विचारते — भात वाढू का?"

ज्ञानेश तिच्याकडे बघतच राहिला. "मंग तुमाला गुन्हेगारी नकोच हाय. तुमाला घर पायजे."

तिने झटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. घर पायजे म्हणे... आगाऊ कुठला! पण खोटं तरी कुठे बोलला होता?

"आणि तुम्ही दर गोष्टीचा शेवट आधी का बघता?" तिने विषय बदलला.

त्याने खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बोट केलं. "आमची जमीन रस्त्यात जाणार का राहणार, ह्या घोरात माज्या वडलांची, आबांची निम्मी जिंदगी गेली. लहानपणापास्नं तेच बघतोय. तवापासून मला शेवट ठाव असल्याबिगर पुढं पाऊल टाकवत न्हाई."

विजयश्री हसली नाही. तिला तो फार आवडला, आणि त्याच वेळी धास्तीही वाटली.

कारण घरी बाबांनी विषय काढला होता. निगडीचं स्थळ रविवारी बघायला येणार होतं. "कुणी मनात असेल तर त्याच्या आत सांग, पोरी," असंही ते म्हणाले होते. मनात होता की! आपण होऊन विचारायला ती काही घाबरत नव्हती. पण शेवट कळल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या माणसाबरोबर संसार कसा करायचा? संसाराचं शेवटचं पान आधी कुणाला दिसतं?

चिंचवड स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिने एक कादंबरी आणली. तीन भाऊ, एक विहीर, आणि ती विकायची की राखायची यावरून पेटलेलं घर. शेवटची पानं एकत्र धरून तिने त्यांवर पिवळा होल्ड चिकटवला.

"आता माझी पाळी. हे वाचा. स्टिकर काढायचा नाही."

"अवो, ह्ये तर हाल हायेत! विहीर राहती का, तेवढं तरी..."

"शुक्रवारी पुस्तक परत पाहिजे."

शुक्रवारी मोशीला बस थांबली. ज्ञानेश चढला, बसला आणि त्याने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. डोळे तांबारले होते. विजयश्रीने घाईने मागची पानं पाहिली. स्टिकर जागेवर होता. एक कोपरा तेवढा चुरगळलेला... नखाने उचललेला आणि परत दाबून बसवलेला.

"उचलला व्हता," तो म्हणाला. "मंग म्हटलं, न्हाई."

"मग विहिरीचं काय झालं?"

"ठाव न्हाई." तो तिच्याकडे वळला. "विजयश्री..." तिचं नाव तो पहिल्यांदाच घेत होता. "तुमी काय म्हणाल, तेबी मला ठाव न्हाई. लई इचार केला, अंदाजच लागंना. तरी इचारतो — माझ्याशी लगीन कराल?"

पुढच्या सीटवरचं गाणं बंद झालं. मागे कुणीतरी खोकलं. विजयश्रीने शांतपणे पर्समधून स्टिकरचं रीळ काढलं, एक हिरवा ओके सोडवला, त्याच्या शर्टाच्या खिशावर लावला आणि अंगठ्याने नीट दाबून बसवला. अंगठ्याखाली त्याचं काळीज धाडधाड उडत होतं.

"ह्ये... व्हय म्हणायचं का?"

"क्वालिटीने पास केलेला माल आहे. परत जात नाही."

सगळी बस हसली. ज्ञानेशही हसला, आणि हसता हसता त्याचा हात हळूच पिवळ्या स्टिकरकडे गेला. तिने त्यावर आपला हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"ते आपण दोघं मिळून वाचायचं. निगडीवाल्यांना मी आजच नाही कळवते. रविवारी तुम्ही या काळेवाडीला, आबांना घेऊन. आणि हे बघा..."

"काय?"

"बाबांना एकदम शेवट सांगू नका. पहिल्यापासून सांगा."