थर्झाच्या धुराड्याची साखळी

शेगडीत आणखी एक लाकूड टाका रे कोणीतरी. आणि तू, तो मोबाइल खाली ठेव. माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. खोटी निघाली तर उद्या सकाळी मला कालव्यात ढकला, नाहीतरी तुम्ही त्याचीच वाट बघताय.

तारीख तेवीस नोव्हेंबर, साल दोन हजार एकोणीस, शनिवार. संध्याकाळचे साडेपाच. पण आपल्या या थंड मुलखात नोव्हेंबरातले साडेपाच म्हणजे मिट्ट काळोखच. एबल टॉलमन आपली राहती बोट घेऊन निघाला. काम साधं. दोन मैलांवरच्या बोटींच्या यार्डात ती नेऊन बांधायची. सकाळी आठला गिऱ्हाईक येणार, त्याच्या हातात किल्ली द्यायची, संपलं. मग पोरगी, मर्ल, गाडी घेऊन येणार आणि त्याला आपल्या विटांच्या घरात नेणार.

"बाबा, अंधारात कशाला? सकाळी लवकर निघा की," मर्ल फोनवर म्हणाली.

"अगं, चव्वेचाळीस वर्षं चालवतोय. डोळे मिटून जाईन."

"मिटूनच जाल एक दिवस."

"आईसारखी बोलू नकोस."

मर्लने फोन ठेवला.

बोट विकली होती सगळ्या सामानासकट. फुलं रंगवलेल्या बादल्या, लेसचे पडदे, कोळशाची शेगडी, सगळं. एकच वस्तू एबलने दुपारी काढून घेतली. धुराड्याची साखळी. पितळेची, हातभर, मधे पितळेचाच एक बदाम. आता शेगडीचं धुराडं छपरावर नुसतं वरनं बसवलेलं असतं, हे काय मी तुम्हाला सांगायचं? बुटका पूल आला की सुकाणू धरणाऱ्याने ते उचलून छपरावर आडवं ठेवायचं. विसरला, तर पूल त्याला उडवतो. साखळी असेल तर लटकतं, नसेल तर गेलं पाण्यात. लोक म्हणतात साखळी शोभेची. असेल.

थर्झाचा, म्हणजे एबलच्या बायकोचा, त्या साखळीत जीव. रोज सकाळी चहाच्या आधी घासायची. शेजारच्या बोटीवाल्या बाया नाक मुरडायच्या, "हिच्या साखळीत बघून केस विंचरता येतील." साखळीचा आकडा ढिला झाला, तर नवा घ्यायचं सोडून हिने निळ्या लोकरीने तो बांधून टाकला. डावरी बाई. तिची गाठ उलटी पडायची, एबलला कधी सुटली नाही. त्या दुपारीही सुटली नाही. शेवटी कात्रीने कापली. लोकर शेगडीत टाकली, जळली. साखळी थर्झाच्या एप्रनमध्ये गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

आणि थर्झाचं दुसरं काम ओरडायचं. बुटका पूल दिसला की, "धुराडं काढ, म्हाताऱ्या!" हा तिशीत होता तेव्हापासून म्हाताऱ्या. एबलचा एक मित्र होता, पक्का टवाळ. तो पुलावर लपून तिच्या आवाजात ओरडायचा. एबल बिचारा उंच पुलाखालीसुद्धा धुराडं काढून हातात धरून उभा. थर्झा त्या टवाळाला ओलं पोतेरं फेकून मारायची. नेम चांगला होता बाईचा.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तिची छाती भरली. एका रात्री म्हणाली, "बस ना जरा जवळ."

"दहा मिनिटांत आलो," एबल म्हणाला आणि पबमध्ये गेला. तिथे तोच टवाळ. दहा मिनिटांनी एबल उठला तर हा म्हणतो, "बस की! बायकोला भितोस?" सगळे हसले. एबल बसला. एक ग्लास. एकच.

शेजारच्या बोटीवरच्या बाईने नंतर सांगितलं, थर्झाने दोनदा हाक मारली होती. एबल परत आला तेव्हा शेगडी गरम होती. ती नव्हती.

म्हणून तो अंधारात निघाला. यार्डाच्या वाटेवर एकशे चौदा नंबरचा पूल लागतो, आपल्या कालव्यावरचा सगळ्यात बुटका. दिवसा तिथे माणसं असतात, सायकली असतात. रात्री कोणी नसतं. एबलने ठरवलं होतं, आज धुराडं काढायचं नाही. काढलं नाही तर ती ओरडेल. मेली असली तरी ओरडेल, तिला राहवणारच नाही. एकदाच ऐकायचं होतं त्याला. उद्यापासून बोट परक्याची.

धुकं उतरलं होतं. इंजिन डुगडुगत होतं. पूल दिसला. काळा, ओला.

एबलने इंजिन हळू केलं.

"थर्झा," तो म्हणाला, "धुराडं वरच आहे बघ."

काही नाही.

"विसरलोय मी. ओरड की."

...

पूल जवळ आला. धूर कमानीला लागला.

"एकदा, गं..."

...

हात आपोआप धुराड्याकडे गेला. त्याने तो मागे घेतला. मुठीत धरून ठेवला.

धडाड!

धुराडं उडालं. एबलने डोळे मिटले. आता पाण्याचा आवाज येणार. डुबुक्. आणि ती नाही. कुठेच नाही. हे पक्कं होणार.

आवाज आला नाही.

बोट पुलाखालनं बाहेर आली.

टण...

केबिनच्या बाजूला काहीतरी आपटलं.

टण... टण...

धुराडं लटकत होतं. साखळीला.

त्याने इंजिन बंद केलं. खाली जाऊन डबा उघडला. एप्रन होता. इस्त्रीची घडी घातलेला. आत साखळी नव्हती.

आता सांगतो. त्या पुलावर तेव्हा एक गाढव लपलेलं होतं. मी. टवाळ मीच, पबमधला पण मीच. मर्लने फोन करून सांगितलं, तो निघालाय, आणि मला कळलं कशाला निघालाय. नऊ महिने माफी मागायला तोंड नव्हतं. म्हटलं, निदान आवाज तरी देऊ त्याला. पूल आला, मी तोंड उघडलं... आणि आवाज फुटला नाही. एबल "एकदा, गं" म्हणाला ते मी वरनं ऐकलं.

धावत खाली गेलो, बॅटरी लावली. आकडा निळ्या लोकरीने बांधलेला, लोकर ओलीचिंब. गाठ उलटी. एबल माझ्याकडे बघत राहिला.

"तू ओरडला नाहीस," तो म्हणाला.

"नाही."

"ती पण नाही."

आणि साखळी दोन्ही हातांनी धरून रडायला लागला.

सकाळी बोट गेली. साखळी मर्लच्या घरी आहे, हीटरच्या वरच्या खिळ्याला. एबल त्या साखळीसमोरच खुर्ची ओढून बसतो. मी रविवारी जातो. लोक म्हणतात, तूच बांधलीस, तुझी खोड जुनी. जन्मभर थापा मारल्या, आता कोण खरं मानणार? मी वाद घालत नाही. म्हणतो, जा, लोकरीला हात लावून बघा.

हीटर हिवाळाभर चालू असतो. पाच हिवाळे झाले.

लोकर अजून ओली आहे.