लाल टाक्यांची सीट

माझी साडी फाटली नसती, तर आमचं लग्नच झालं नसतं.

साल चौऱ्याहत्तर. मी सक्करदऱ्याहून बर्डीला टायपिस्टच्या नोकरीवर जायची, रोज साडेनऊच्या सिटी बसने. डावीकडची तिसरी सीट माझी. वर हिरवं रेक्झिन, आत काथ्या, आणि उन्हाळ्यात असा चटका की बसण्याआधी खाली पदर सारावा लागे. त्या दिवशी उतरायला उठले आणि टर्रकन आवाज झाला. सीटच्या फाटक्या कडेतून तार वर आली होती.

"या सीटा शिवतो तरी कोण?" मी ओरडले.

"मीच शिवतो," मागून आवाज आला.

खाकी कपडे, खिशाला भलीमोठी वाकडी सुई. डेपोतला सीट शिवणारा, गिरिधर.

"लाज नाही वाटत?"

"वाटून राहिली ना बाई. साडी शिवून देऊ का?"

"या सुईनं? मी काय सीट आहे?"

तो हसला. मी हसले नाही... निदान उतरेपर्यंत तरी.

दुसऱ्या दिवशी सीट शिवलेली होती. हिरव्या रेक्झिनवर लालभडक दोऱ्याने! चार दिवसांनी तो गाडीत दिसला, तेव्हा मी हळूच विचारलं, "हिरवा दोरा नव्हता?"

"होता. पण मंग तुमचं लक्ष गेलं असतं का?"

गाडीत यापेक्षा जास्त बोलायची सोय नव्हती. कंडक्टर देवाजीकाका आमच्याच गल्लीतले. मी कोणाकडे किती वेळ पाहिलं, ते संध्याकाळी बाबांना कळायचं. म्हणून गिरिधरनं सीटच्या खालच्या अंगाला एक टाका मोकळा ठेवला. मी तिथे चिठ्ठी सरकवायची. संध्याकाळी गाडी डेपोत गेली की तो सगळ्या सीटांखालून हात फिरवायचा, तेच त्याचं काम होतं. सकाळी उत्तर माझ्यासाठी तयार.

एकदा देवाजीकाकांनी त्याला अडवलं. "काहून गा, या एकाच सीटले लाल दोरा?"

गिरिधर घाबरला. त्यानं आठवडाभर खपून त्या गाडीतल्या एकूण एक सीटवर लाल टाके घातले. काका गप्प झाले. आम्ही मात्र या हुशारीवर खूप हसलो.

मग एका बुधवारी त्याची चिठ्ठी आली : "लग्न कराल का माझ्याशी? उत्तर शुक्रवारी ठेवा."

आणि त्याच संध्याकाळी बाबा, म्हणजे मधुकरराव मास्तर, घरात म्हणाले, "रविवारी भिवापूरचे पाहुणे येतात. मिरचीची मोठी शेती आहे. गोपिका, मान खाली घालून बसशील."

बाबांसमोर माझा आवाज कधी फुटला नव्हता. गुरुवारी मी चार शब्द लिहिले : "नाही. मला विसरून जा." शुक्रवारी सकाळी ती चिठ्ठी सीटखाली सरकवली.

दुपारी एकच पत्र तीनदा चुकीचं टाइप केलं. चौथा कागद मशीनला लावताना मला एकदम कळलं, मी हे काय करून बसले! माझं उत्तर हे नव्हतं. पण गाडी संध्याकाळी परत येणारच. त्याच्या हातात पडण्याआधी चिठ्ठी काढून घ्यायची. बस्स.

साडेपाचला स्टॉपवर उभी राहिले. गाडी आली ती दुसरीच. दारात देवाजीकाका.

"काका... आपली गाडी?"

"तिचं सरलं बाई. दुपारीच रस्त्यावरून काढली. सीटा खोलून राहिले डेपोत."

सीटा खोलणार म्हणजे त्या त्याच्याच हाती जाणार! वाटेत डेपो आला आणि मी उतरले. काका मागून ओरडले, "इथं काहून?" मी वळूनही पाहिलं नाही.

वर्कशॉपच्या पत्र्याखाली सीटांचा ढीग पडला होता. काथ्याच्या धुळीत गिरिधर एका सीटवर बसून होता. मला पाहून तो उठला नाही.

"सापडली का?" मी विचारलं.

त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "सापडून नाही राहिली," तो म्हणाला. "सगळ्यावरच लाल दोरा... माह्याच करणीनं. आठ सीटा तर दुसऱ्या गाड्यांत लागून रस्त्यावर गेल्या."

मी पदर खोचला आणि सीटा उलट्या करायला लागले. एक, दुसरी, तिसरी... नखं तुटली, डोळ्यांत धूळ गेली. दिवे लागले. चिठ्ठी नव्हती. म्हणजे ती शहरात कुठेतरी फिरत होती, आणि उद्या नाही तर परवा याच्याच हाती येणार होती.

"कागद राहू द्या," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच सांगा ना... काय लिहिलं होतं?"

मी हातातली सीट खाली ठेवली.

"हो... हो लिहिलं होतं. पण रविवारी भिवापूरचे पाहुणे मला पाहायला येतात."

त्यानं बसल्या जागी सीटच्या कडेवरून एकदा हात फिरवला.

"मंग रविवारी येतो," तो म्हणाला. "भिवापूरवाल्यांच्या आधी."

तो आला. बाबांनी दोन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस आपल्या आरामखुर्चीची गादी त्याच्याकडूनच शिवून घेतली, आणि मी समजले.

लग्नानंतर आम्ही कुठल्याही सिटी बसमध्ये बसलो, की यांचा हात आधी सीटखाली जायचा. आणि माझा जीव टांगणीला!

"सापडली का?"

"नाही वं. फिरून राहिली असन कुठंतरी तुझी 'हो'."

बारा वर्षं हे चाललं. मग त्या जुन्या गाड्या एकेक करून रस्त्यावरून गेल्या. शेवटची निघाली, तेव्हा हे डेपोतून एक सीट घरी घेऊन आले आणि व्हरांड्यात ठेवली. लाल टाक्यांची. आता यांचा हात तिच्याखाली मुळीच जाईना. तेच मला खटकलं. एका दुपारी हे बाहेर गेलेले पाहून मी खालचा टाका उसवला.

आत माझीच चिठ्ठी होती. "नाही. मला विसरून जा." आणि खाली, पेन्सिलीनं, यांच्या अक्षरात : "वाचलं. पण ती शोधायला आली."

त्या संध्याकाळी हे त्या सीटवरून का उठले नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

चिठ्ठी होती तशी आत ठेवली आणि सुई घेतली. तेवढ्यात फाटक वाजलं.

"काय करून राहिली वं?"

"काही नाही. टाका उसवला होता."

हे माझ्याकडे पाहत राहिले. मग शेजारी येऊन बसले.

"लालच दोरा घाल," म्हणाले.