नदीच्या वेळी काय वाजलं

गंगावेशीबाहेर, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला, तंबाखूची एक जुनी वखार होती. शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत तिथं सिनेमा दाखवू लागले. वर पत्रे, आतून काळं कापड ताणलेलं, आणि तंबाखूचा वास असा मुरलेला की खेळ सुरू झाला की अर्धी माणसं शिंकत असायची. चित्रं मुकी. पडद्यावर माणसं ओठ हलवायची, घोडे धावायचे, पण आवाज काय व्हायचा तो पडद्याखाली बसलेल्या दोघांचा. एक पेटीवाला, एक तबलजी. त्यामुळं तेच चित्र मिरजेत एक वाटायचं आणि कोल्हापुरात दुसरंच. शौकीन माणूस चित्र कुठलं ते नंतर विचारायचा. आधी विचारायचा, पेटीवर कोण आहे?

कोल्हापुरात पेटीवर गौस होता.

रविवारी दुपारचा खेळ सुटला की वखारीसमोर झुंबरबाईच्या फुटाण्याच्या भट्टीपाशी तिघं जण थांबायचे. महाद्वाराकडं कपडे शिवणारा चमन, म्हशी पाळणारा ज्ञानू आणि हंबीरराव. हंबीरराव दरबारच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवायचे. पुढचे दात पडले तसं वाजवणं सुटलं आणि वाद्य बँडात जमा झालं. कान मात्र राहिला. म्हणून वाद कितीही पेटला तरी शेवटी सगळे त्यांच्याकडं बघायचे.

"मिरजंचा त्यो पेटीवाला," ज्ञानू म्हणाला, "बाई रडली की भैरवी. म्हातारं मेलं, भैरवी. वासरू हरवलं, भैरवी. बाकीचं राग काय न्हाय शिकला का काय?"

"आनी आपला गौस बगा," चमन म्हणाला. "घोडा आला म्हणून उगा तबला बडवून घेत न्हाय. घोड्यावरचा माणूस कशापायी निघालाय, त्ये वाजवतो."

"वाजवणं आसं पायजे," हंबीरराव म्हणाले, "की भाईर आल्यावर आठवू नये."

"तुमचं आपलं कायतरीच, अण्णा!" झुंबरबाई चाळणीतून वाळू उडवत म्हणाली. "आठवायचं न्हाय तर ऐकायचं कशाला?"

त्या महिन्यातलं चित्र साधं होतं. एक विधवा आई, तिचा एकुलता मुलगा. मुलगा पोटासाठी नावेत बसून नदीपार जातो आणि परत येत नाही. तिसऱ्या भागात ती नाव लहान होत होत ठिपका होते, ठिपकाही जातो आणि नुसतं पाणी उरतं. ते पाणी बराच वेळ तसंच दिसत राहायचं. मशीनवाला मशीन बंद करायला विसरला असंल, असं चमन पहिल्या दिवशी म्हणाला होता. आता तसं कोणी म्हणत नव्हतं. गौसनं सगळ्यांत चांगलं वाजवलं ते नदीच्या वेळी, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"जात्यावरची ओवी घेतली त्यानं," ज्ञानू म्हणाला. "माजी आई म्हणायची तशीच. दुसऱ्या ओळीला दम खायाची, त्ये सुदीक."

चमननं मान हलवली. "ओवी कुठली रं? आमची सुगरा मशीन चालवताना गुणगुणायची ती चाल हाय ती."

सुगरा ही चमनची मुलगी. मानमोडीच्या तापात गेली होती. त्या साथीत घराघरातलं माणूस गेलं होतं.

"मी एकडावच बगितलंय," झुंबरबाई हळू आवाजात म्हणाली. "पर मला मोट ऐकू आली. आमचं मालक बैलास्नी हाळी द्यायचं, तशी."

 मग ज्ञानूनं विचारलं, "अण्णा, तुमी सांगा. काय वाजवलं?"

हंबीररावांनी आठवून पाहिलं. पहिल्या भागातली यमनची सुरावट त्यांना पाठ होती, लग्नाची गत पाठ होती. नदी आली की मात्र पुढं काही नव्हतं.

"मला न्हाय आठवत," ते म्हणाले.

"बगा! बँडवाल्याचंच कान गेलं!" सगळे हसले.

पुढच्या रविवारी हंबीरराव मुद्दाम पुढच्या बाकावर बसले. नदी आली. नाव निघाली. गौसनं पेटीचा भाता मिटला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तबलजीनं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. वखारीत मशीनच्या घरघरीशिवाय कसलाही आवाज नव्हता.

हंबीररावांनी मागं वळून पाहिलं. माणसं ऐकत होती. एक बाई पदर तोंडाला लावून डुलत होती. कडेचा म्हातारा मांडीवर संथ ठेका देत होता, आणि त्याच्या शेजारचा तरणा गडी दुडक्या चालीत. दोघांच्या ठेक्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. चमन डोळे मिटून हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

खेळ सुटल्यावर हंबीरराव आत थांबले. गौस पेटीवर कापड घालत होता.

"गौस, नदीच्या वेळंला तू वाजवत न्हाईस."

गौसनं वर पाहिलं नाही. "न्हाय अण्णा. पैल्या दिशी हातच चालंना. नुस्तं पानी, त्याच्याखाली काय वाजवायचं? गप बसलो. भाईर आलो तर माणसं हात धराय लागली, काय गोड वाजवलंसा म्हणून. मी काय बोलणार?"

"मग ऐकू येतंय त्ये काय?"

गौसनं कापडाची टोकं खोचली. "मला बिबीजान ऐकू येती," तो म्हणाला. बिबीजान त्याची बायको. तीही त्याच साथीतली. "भाकऱ्या थापताना म्हणायची त्ये. एकदा वाटलं, सूर धरावा तिच्यासंगं. पेटीवर हात ठेवला आन ती थांबली. तवापास्नं हात लावत न्हाय."

त्या संध्याकाळी हंबीरराव रंकाळ्याच्या काठानं लांबचा रस्ता धरून घरी गेले. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. बँडात बेसूर कुठून येतो हे शोधायची सवय लागलेली, तसंच त्यांनी हे एकेक वेगळं करून पाहिलं. ज्याला त्याला आपलं गेलेलं माणूस ऐकू येतं. आणि कुठलंही नव्हे, ज्याच्यासाठी जीव तुटतो तेच. हंबीररावांचे आईवडील पिकल्या वयात गेले होते. त्यांच्यासाठी रडून झालं होतं. जीव तुटत होता तो एकाच माणसासाठी. त्यांचा मुलगा कृष्णात.

कृष्णात महायुद्धात पलटणीतून बसऱ्याकडं गेला होता. लढाई संपली, गावोगावचे शिपाई परतले. कृष्णातचं काय झालं ते कुणाला सांगता येईना. मेला म्हणून कळलं नाही, आहे म्हणूनही नाही.

आणि नदीच्या वेळी हंबीररावांना काहीही ऐकू येत नव्हतं.

ते पाण्याच्या काठाशी थांबले. आपल्याच विचाराचं त्यांना हसू आलं. पण छातीवरचा दगड कुणीतरी जरा बाजूला सरकवावा तसं झालं.

घरी बाळाबाई चुलीपाशी बसली होती. "पोरगं हाय," ते दारातूनच म्हणाले.

"मी कवा न्हाय म्हटलं?" ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून भाकरी उलटली.

त्यानंतर हंबीररावांनी एकही रविवार चुकवला नाही. नदी जवळ आली की ते बाकाची कड घट्ट धरायचे. नाव दिसेनाशी व्हायची, चौफेर हुंदके सुरू व्हायचे, आणि त्यांच्या कानात शुद्ध, कोरी शांतता असायची. पडद्यावर पुढचं दृश्य आलं की ते हात सोडायचे. बाहेर येऊन फुटाणे घ्यायचे. भट्टीपाशी कोण काय म्हणतो ते आनंदानं ऐकायचे. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला नाद लागलाय. ते खरंच होतं. त्या शांततेचा त्यांना नाद लागला होता.

मग एका दुपारी कृष्णात आला.

पत्र्याची पेटी खाली ठेवून तो उंबऱ्यात उभा राहिला. काळा पडला होता, वाळला होता. बाळाबाईनं त्याच्या गळ्यात पडून गल्ली गोळा होईल एवढा टाहो फोडला. कृष्णात तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. कैदेत होतो, रेल्वेच्या कामावर ठेवलं, मग दवाखान्यात होतो, एवढंच त्यानं सांगितलं. भर उन्हात बसला तरी खांद्यावरचं घोंगडं काढायचा नाही. पाणी फार प्यायचा. पूर्वी खाताना बडबड करायचा, आता समोर ठेवाल ते खाऊन उठायचा. लढाईवरून आलेली माणसं अशीच असतात, असं शेजारचे म्हणाले. हंबीररावांनाही ते पटलं.

चित्र आता निपाणीला जायचं होतं. शेवटच्या आठवड्यात हंबीरराव मुलाला घेऊन वखारीत गेले. त्यांना त्याला मिरवायचं होतं. ज्ञानूनं पोराला मिठी मारली, झुंबरबाईनं त्याच्या ओंजळीत फुटाणे ओतले. आत जागा मिळाली ती मधल्या बाकावर.

नदी आली. गौसनं भाता मिटला.

हंबीररावांनी आज बाकाची कड धरली नव्हती. कशाला धरतील?

नाव लहान झाली. ठिपका झाली. पाणी उरलं.

आणि क्लॅरिओनेट वाजलं.

कच्चं, फुंकर न सांभाळणारं. कृष्णात दहाएक वर्षांचा असताना दुपारी ते जरा आडवे झाले की तो वाद्य घरामागच्या परड्यात न्यायचा आणि चोरून फुंकायचा. चढताना एका सुरावर हटकून अडायचा. सूर फाटायचा. मग तो स्वतःशीच हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. हंबीरराव डोळे मिटून जागेच असायचे.

सूर चढला. त्या जागी आला.

फाटला.

मग ते हसू.

शेजारी कृष्णातचं कोपर त्यांच्या कोपराला टेकलं होतं. त्याला वजन होतं. हंबीररावांनी मान वळवली नाही.

पडद्यावर पुढचं दृश्य आलं. गौसनं पेटी उघडली.

बाहेर ऊन कलंडलं होतं. भट्टीपाशी नेहमीची मंडळी जमली. ज्ञानूनं हसत विचारलं, "अण्णा, आज शेवटचा रविवार. आज तरी काय ऐकलंसा का न्हाय?"

"न्हाय," हंबीरराव म्हणाले. 

"आनी पावणं, तुमी?" चमननं कृष्णातकडं वळून थट्टेनं विचारलं.

कृष्णात ओंजळीतल्या फुटाण्यांकडं बघत होता. "चाचा, तुमची सुगरा मशीन थांबवून थांबवून म्हणती न्हवं?" तो म्हणाला. "आनी ज्ञानूतात्यांच्या आईला दम लागतोय. दुसऱ्या ओळीला."

 झुंबरबाईची चाळणी हातातच राहिली.

"तुला कुणी सांगितलं रं?" ज्ञानूनं विचारलं.

"सांगाय कशाला पायजे? ऐकलं की." कृष्णातनं सगळ्यांकडं पाहिलं. त्याला खरोखरच नवल वाटलेलं दिसत होतं. "तुमास्नी एकेकच ऐकू येतंय व्हय? मला समद्यांचंच आलं. लई दाटी हुती."

ज्ञानू एक पाऊल मागं सरला. चमन मात्र पुढं झाला. त्यानं कृष्णातचा हात धरला. 

"पोरा," तो म्हणाला, "आनी काय म्हणत हुती ती?"

"तुमी जेवलासा का, इचारत हुती."

चमन भट्टीच्या कडेला खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हंबीररावांनी मुलाच्या खांद्यावरचं घोंगडं नीट केलं, त्याला दंडाला धरलं आणि घरचा रस्ता धरला. 

बाळाबाईनं परड्याकडचं दार उघडं ठेवून ताटं मांडली होती. कृष्णात आल्यापासून तिच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं होतं.

"कसं हुतं चित्र?" तिनं विचारलं. "मला बी न्या की एकदा."

चित्र अजून बुधवारपर्यंत होतं.

"संपलं," हंबीरराव म्हणाले. "आज शेवटचं हुतं."

"ऱ्हाऊ द्या मग. मला हितं बसल्याजागी गाणं हाय." तिनं कृष्णातच्या ताटात भाकरी वाढली आणि हसून परड्याकडं मान हलवली. "दुपारधरनं कुणाचं पोरगं वाजवतंय कुणास ठाव. एका जागी अडतंय, आन आपलं आपनच हसतंय मेलं."

हंबीररावांनी कान दिला. परड्यात शेवग्याची पानं हलत होती. दुसरा कसलाही आवाज त्यांना येत नव्हता.

कृष्णात मान खाली घालून भाकरी मोडत होता. त्याच्या पायाचा अंगठा जमिनीवर हलकेच ठेका धरत होता. मधेच थांबत होता. मग पुन्हा पहिल्यापासून.