हौदापाशी बोललेला नवस

फुस्स्...

स्वयंपाकघरातला नळ खोकला.

दमयंतीनं निवडत असलेल्या तांदळाच्या ताटातून मान वर केली. भर दुपार. बाहेर कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. घरात पंख्याचा आवाज नव्हता, कारण वीज गेलेली. आणि पाण्याचा दिवस तर मुळीच नव्हता. कालच पाणी येऊन गेलं होतं. आता पुढचे कितीतरी दिवस नळाकडं बघायचं कारण नाही, हे त्या वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ती उठून गेली. तोटी घट्ट बंद होती.

तरी हवा येत होती. लांब, गार हवा... कुणीतरी फार खोलातून सुस्कारा सोडावा तशी.

त्या हवेला शेवाळाचा वास होता.

हे घडलेलं आहे. दमयंती माझी चुलत जाऊ. तिनं माझ्यासमोर बसून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत जे सांगितलं, तेवढंच इथं लिहिलंय. शेवटचं तर मी स्वतः ऐकलं. भुताखेताचं म्हटलं की लोक रात्र धरून बसतात. हे रात्रीचं नाही. वैशाखातल्या दुपारचं आहे, साल दोन हजार चार. जागा म्हणाल तर वाळूजच्या रस्त्याला शेतं मोडून उठवलेली एक नवी वसाहत. ओळीतलं शेवटचं घर. मागं अंगण, अंगणात सिमेंटचा हौद, आणि हौदापलीकडं नुसतं माळरान.

दमयंती शहरातल्या भर बाजारातली, गुलमंडीतली. तिच्या माहेरी खालच्या कापडदुकानांचा गलका दिवसभर माडीवर चढायचा. चुलत्यापुतण्यांनी भरलेलं घर. सख्खं भावंड मात्र नाही, ती एकुलती एक. अशा घरातून ती ह्या शेवटच्या घरात आली. नवरा मुकुंद कंपनीत. सकाळी अंधारात शिफ्टची बस धरायचा, संध्याकाळी यायचा आणि जेवता जेवता पेंगायचा. मग दिवसभर घरात दोघीच. ती आणि तिची लेक अंबिका.

आणि अंबू बोलत नव्हती.

तिसरं वर्ष सरत आलं होतं. हसायची, खेळायची, बोलावलं की वळून बघायची. पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे, वाट बघा.

दमयंती वाट बघत होती. तिला फार काही नको होतं. एकच शब्द हवा होता. दुपारी लेकीला मांडीवर घेऊन ती तिच्या कानाशी तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची...

"आई. म्हण बाळा... आ-ई."

अंबू तिच्या ओठांकडं टक लावून बघायची. आणि गप्प राहायची.

त्या घरी येणारं माणूस एकच. शेजारच्या बंगल्यातल्या द्वारकाबाई. ती सगळी वसाहत त्यांच्याच शेतावर उभी होती. जमीन विकली, पोरं शहरात नोकरीला लागली, आणि पाटलीणबाई एवढ्या मोठ्या बंगल्यात करमत नाही म्हणून शेजारी डोकावायच्या.

"काय गं गुलमंडीवाले, दार लावून सोनं वितळवतीस का काय?"

"या ना काकू. ऊन लागतं म्हणून लावलंय."

"पोर बोलली का?"

"नाही अजून. डॉक्टर म्हणतात, वाट बघा."

"त्येला काय जातंय वाट बघा म्हणाया! त्येच्या घरात हाय का असं मुकं लेकरू?" द्वारकाबाईंनी अंबूला जवळ ओढलं. मग जरा थांबून विचारलं, "बाळंतपणानंतर इहीर पुजली व्हती का तू?"

"इथं कुठली विहीर, काकू?"

द्वारकाबाईंनी हनुवटीनंच अंगणाकडं दाखवलं.

"त्यो हौद हाय ना, त्येच्या खाली. माझ्या सासऱ्यानं खांदली व्हती. लई पाणी. बिल्डरनं मुरूम टाकून बुजवली. इहीर बुजली, पर बाया कुठं जातील?"

"कुठल्या बाया?"

"साती आसरा. पाण्यातल्या सात बहिणी, समद्या लेकरांच्या मावश्या. आमच्यात बाळंतीण सव्वा महिन्यानं इहिरीवर जाती, त्यांची ओटी भरती. तवा त्या लेकराला सोडत्यात. तू भरलीच नाय."

दमयंती हसली. पदवीपर्यंत शिकलेली, सायन्सवाली. माहेरी देव म्हणजे देव्हाऱ्यातले पितळी, चकचकीत, रोज सोवळ्यात पुसलेले. पाण्यात बाया राहतात हे तिनं कधी ऐकलंही नव्हतं.

पण त्या दुपारी नळ पुन्हा खोकला...

आणि मांडीवरची अंबू चटकन वळली. तिनं अंगणाकडं बघून हात हलवला. ओळखीच्या माणसाला हलवावा तसा.

पुढच्या मंगळवारी दमयंतीनं सात दगड वेचून आणले.

द्वारकाबाईंनी सांगितलं तसे ते हौदाच्या कडेला ओळीनं मांडले. कुंकू लावलं. दहीभात ठेवला. प्रत्येकीपुढं हिरवी काचेची बांगडी ठेवली. मुकुंदला तिनं लपवलं नाही. तो हसला. म्हणाला, "तुझा वेळ जातोय ना, मग झालं. फक्त कंपनीत कुणाला सांगू नकोस, मला साहेब भगत म्हणतील."

वेळ खरंच जाऊ लागला.

देव्हाऱ्यातल्या देवांसमोर हात जोडून उभं राहावं लागायचं. ह्या बाया जमिनीवर बसलेल्या. त्यांच्या शेजारी फतकल मारून बसता यायचं. ती तिथं बसून भाजी निवडायची, अंबूची वेणी घालायची, बोलायची. आज डाळ लागली. आज ह्यांनी डबा तसाच परत आणला. आज आईची फार आठवण आली. एवढ्या वर्षांत तिचं असं ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं.

हळूहळू तिची सकाळ देव्हाऱ्याकडं न वळता हौदाकडं वळू लागली. पितळी देवांवर धूळ धरली. तिला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही.

कधी कधी दुपारी जमिनीखालून आवाज यायचा. कुर्र... कुर्र... विहिरीवरचा रहाट फिरावा तसा.

तिला त्याची भीती वाटत नव्हती. हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. "वहिनी," ती म्हणाली, "तो आवाज थांबला की मला एकटं वाटायचं."

वैशाखातली अमावस्या आली.

"आज नवस बोल," द्वारकाबाई म्हणाल्या. "बाराच्या ठोक्याला. त्यांची येळ. पर एक ध्यानात ठेव. नवस वस्तूचा बोलायचा. खण बोल, नारळ बोल, लुगडं बोल. दुसरं तोंडातून काडायचं नाय."

दुपारी बाराला दमयंती अंबूला कडेवर घेऊन हौदापाशी बसली. मनात ठरवून आली होती, हिरवं लुगडं आणि खण बोलायचा. पण दगडांकडं बघितलं आणि ती ठरवलेलं सगळं विसरली. आणि माहेरी लहानपणापासून रोज दिवेलागणीला देवापुढं जे म्हणायची सवय, तेच तोंडून गेलं.

"माझ्या लेकीला बोलतं करा. मग मी तुमचीच. सगळी तुमचीच."

माहेरच्या देवांना हे तिनं हजारदा सांगितलं होतं. त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

वारा थांबला.

हौदात बादली बुडवावी तसा आवाज झाला... हौद तर कोरडा होता.

आणि अंबूनं तिच्या गालावर आपला छोटासा हात ठेवला. तोंड उघडलं.

"मावशी."

स्पष्ट. गोड. पहिलाच शब्द.

दमयंती रडली, हसली, लेकीचे मुके घेत सुटली. पोर ह्या सातजणींनाच मावशी म्हणतेय, असं तिनं धरलं. मुकुंदला फोन करताना तिला धड बोलता येईना. संध्याकाळी तो पेढे घेऊन आला.

मग अंबूची जीभ अशी सुटली की काय विचारता. बाबा. चिऊ. पाणी. पोळी नको, भात दे. आठवडाभरात पोर वाक्यं बोलू लागली.

फक्त एक शब्द नाही.

"बाळा, मी कोण?"

"मावशी."

मुकुंद पोट धरून हसला. "काकूंनी शिकवलं असणार. सुधारेल गं."

टीव्हीच्या कपाटावर बारशाचा फोटो होता. दमयंती आणि तिच्या मांडीवर तान्ही अंबू. एका रविवारी मुकुंदनं पोरीला उचलून फोटोसमोर नेलं. "हे कोण?"

अंबूनं काचेवर, दमयंतीच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं.

"आई."

"आणि ती कोण?" त्यानं तिला मागं दारात उभ्या असलेल्या दमयंतीकडं वळवलं.

अंबूनं नीट बघितलं. घाई केली नाही.

"ती मावशी."

त्या दिवशी मुकुंद हसला नाही.

दमयंती तशीच हौदाकडं धावली. काहीतरी चुकलंय, पाया पडू, लुगडं बोलू, म्हणून.

दगड सहाच होते.

सातवीची जागा रिकामी. बाकी अंगण उन्हानं फुटलेलं, पण तेवढ्या जागेवर ओल होती. तिनं माळरानापर्यंत शोधलं. दगड मिळाला नाही. सातवी बांगडीही नव्हती.

बांगडी संध्याकाळी सापडली... कणीक मळताना. तिच्याच हातात. लाल बांगड्यांच्या मधोमध एक हिरवी. कधी घातली, तिला आठवेना. साबण लावून ओढली, तेल लावून ओढली. निघाली नाही. बत्ता घेऊन ठोकली. फुटली नाही. आणि होती तर काचच!

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आल्या. दमयंती त्यांच्याकडं जवळजवळ झेपावलीच.

"काकू, माझं काय चुकलं हो?"

"नवस काय बोललीस?"

तिनं सांगितलं. शब्दाला शब्द.

द्वारकाबाईंचा हात तिच्या डोक्यावरून फिरत होता. तो थांबला. त्यांची नजर खाली, तिच्या मनगटावर गेली. मग त्या दोन पावलं मागं सरकल्या. उंबऱ्याबाहेर.

"काकू? आत या ना."

द्वारकाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. हात जोडले. खाली वाकून उंबऱ्याला कपाळ टेकवलं आणि निघून गेल्या.

पुन्हा त्या कधी तिला गुलमंडीवाले म्हणाल्या नाहीत. चेष्टा केली नाही. शेजारी बसल्या नाहीत. दर मंगळवारी दमयंती दार उघडायची तेव्हा उंबऱ्यावर कुंकू वाहिलेलं असायचं... आणि पानावर दहीभात.

एवढ्या मोठ्या वसाहतीत तिचं असं एकच माणूस होतं. आता तेही तिला नैवेद्य ठेवत होतं.

मुकुंदनं जास्त विचारलं नाही. महिन्याभरात शहरात, उस्मानपुऱ्यात भाड्यानं जागा घेतली. तिसरा मजला. खाली रिक्षांचे भोंगे, शेजारी माणसंच माणसं. अंगण नाही. हौद नाही. निघताना तिनं सहा दगडांना नमस्कार केला, आणि टेम्पोत बसल्यावर मागं वळून बघितलं नाही. तसं ती म्हणते.

सगळं ठीक होईल असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

मी त्या साली ऑक्टोबरच्या उन्हात तिच्याकडं गेले. तेव्हाच तिनं हे सगळं सांगितलं. अंबू आतल्या खोलीत झोपली होती. माझ्या घशाला कोरड पडली. मी तांब्यातलं पाणी प्याले, तिच्यापुढंही पेला सरकवला.

तिनं तो परत सरकवला.

"मला नको वहिनी."

"अगं, केवढं ऊन आहे. घोटभर तरी घे."

"त्या अमावस्येपासून तहानच लागत नाही मला," ती म्हणाली.

मी तिच्या हाताकडं बघितलं. हिरवी बांगडी होती. तिच्या केसांची टोकं ओली होती... नुकतंच न्हाल्यासारखी. उस्मानपुऱ्यात त्या दिवशी पाणी आलेलं नव्हतं.

मी काहीतरी समजुतीचं बोलणार होते. पोरं लहानपणी काहीही बोलतात, असं काहीतरी. मलाही लहान लेकरू आहे. दिवसातून शंभरदा आई आई करून जीव खातं. मला एकदम त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

फुस्स्...

स्वयंपाकघरातला नळ खोकला. तिसऱ्या मजल्यावर.

दमयंती हलली नाही. तिनं फक्त डोळे मिटले.

आतून छोटी पावलं वाजली. अंबू झोपेतून उठून आली होती. केस विस्कटलेले, एका हातात तो बारशाचा फोटो छातीशी धरलेला. माझ्याकडं बघून ती लाजली. मग सरळ जाऊन दमयंतीच्या मांडीत शिरली, तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. किती मायेनं! कुणालाही वाटावं, लेकच आपल्या आईच्या मांडीत शिरलीय.

दमयंतीनं तिला घट्ट धरलं. तिच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली.

अंबूनं फोटोकडं बघितलं. मग तिच्या तोंडाकडं. आणि अगदी शहाण्या, हळू आवाजात विचारलं,

"मावशी... माझी आई कधी येणार?"