शेवटच्या गाण्यानंतरचे अकरा सेकंद

मनस्विनी त्या दुपारी घराबाहेर पडली ती वडिलांच्या कानाचं मशीन आणायला. भलतंसलतं काही मनात येण्याचं कारणच नव्हतं. २०१६ सालचा मे महिना. औरंगाबादचा हर्सूल तलाव पार तळाला गेलेला, सिडकोत नळाला आठव्या दिवशी पाणी, आणि तेही कधी येईल ते नळालाच ठाऊक. गल्लीत टँकर आला की बायकांची भांडणं, आणि टँकर गेला की अशी सामसूम, की उन्हानं पत्रे तडतडलेले घरात ऐकू यावेत.

दुकानदारानं मशीन हातात देताना समजावलं, "मॅडम, हे मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज वर उचलतं. बाबांना कुजबुजसुद्धा ऐकू येईल बघा." मनस्विनीला हसू आलं. गेले चार दिवस ती वरच्या खोलीत बसून हाच उद्योग करत होती, फक्त गाण्यांवर.

तिच्या कामाचं थोडं सांगायला पाहिजे. जुनी गाणी घासूनपुसून नव्यानं तयार करून देणं, हे तिचं काम. जुन्या ध्वनिमुद्रणात हळू ते हळू असायचं आणि मोठं ते मोठं. गाणारा कुजबुजला, तर ऐकणारा आपण होऊन पुढं सरकायचा. आता गाणं वाजतं रिक्षात नाहीतर जिममध्ये, तिथं कोण पुढं सरकतंय? म्हणून कंपन्या म्हणतात, सगळंच मोठं करा. कुजबुजही मोठी आणि आरोळीही मोठी, दोन्ही एका मापाच्या. मनस्विनीला याची मनापासून चीड होती. "गाण्याला इस्त्री मारायची नुसती," असं ती म्हणायची, आणि गिऱ्हाईक तर इस्त्रीच मागत होतं.

पण या खेपेला गाणी बाबांचीच होती. १९८७ साली तिचे वडील व्यंकटराव बँकेत कारकून होते. मानेवर रुळणारे केस, गळ्यात गिटार. त्यांनी 'निळी स्कूटर' नावाची कॅसेट याच घरात ध्वनिमुद्रित केली. मराठी पॉप म्हणजे काय, हे औरंगाबादेत तेव्हा कुणाला धड ठाऊक नव्हतं. कॅसेट सहा महिने वाजली आणि लोक विसरून गेले. आता मुंबईच्या एका कंपनीला ती हवी होती. एकोणतीस वर्षांनी बाबांचं नाव पुन्हा चार लोकांच्या तोंडी येणार होतं. त्या माणसानं जन्मात दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि मनस्विनीला ते त्यांच्या हातात द्यायचं होतं.

त्या गाण्यांची खरी जादू होती त्यांच्या घुमाऱ्यात. पोर्चखाली पाण्याचा हौद होता. ८७ सालीही दुष्काळच, हौद ठणठणीत कोरडा. व्यंकटरावांनी त्यात एक स्पीकर आणि एक माइक उतरवला. गाणं खाली वाजायचं, भिंतींवर घुमून परत वर यायचं, आणि तो घुमारा गाण्यात मिसळायचा. पुढं मनस्विनीच्या जन्माआधीच त्यांनी तो हौद बंद करून वर फरशी टाकली. पाण्यावाचून सगळ्यांचा जीव कासावीस झालेला, तरी हौद पुन्हा उघडायचं नाव ते काढू देत नसत.

कॅसेटवर दुसरा एक आवाज होता, गंगापूरच्या द्वारकाचा. फार गोड आवाज. फक्त शेवटचं गाणं व्यंकटरावांनी एकट्यानं म्हटलेलं. "ती त्याच दिवशी कुणाबरोबर तरी मुंबईला पळाली," एवढंच ते सांगत. कंपनीला द्वारकाच्या घरच्यांची सही लागत होती, म्हणून मनस्विनीनं तिच्या थोरल्या बहिणीला, गीताबाईंना शोधून फोन केला होता. त्या दुसऱ्या दिवशी जीपनं येणार होत्या.

मशीन घेऊन ती घरी आली. व्यंकटरावांनी ते कानात घातलं आणि पोरासारखे खूश झाले. पंखा ऐकू आला, चिमणी ऐकू आली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी पोर्चकडं पाहिलं, मशीन ओरबाडून काढलं आणि टेबलावर टाकलं.

"काय झालं, बाबा?" तिनं समोर येऊन विचारलं. मशीनशिवाय ते ओठ वाचूनच बोलणं समजून घेत.

"नको हे. बारीक आवाज येतात."

"अहो, त्यासाठीच तर आणलंय!"

"सांगितलं ना… नको." आणि ते देवघरात जाऊन बसले. देवपूजा कधी न करणारा माणूस!

तिथं पहिल्यांदा मनस्विनीच्या मनात पाल चुकचुकली. त्याला कारणही होतं. शेवटचं गाणं संपल्यावर मूळ टेपवर अकरा सेकंद नुसता घुमारा विरत जात होता. परवा तिनं तो भाग थोडा मोठा केला, तेव्हा त्यात ठकठक ऐकू आली, लांबून कुठूनतरी. तिला वाटलं, शेजारचा सुतार असेल. काल आणखी मोठा केला, तर ठकठकीमागं कुणीतरी बोलत होतं.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या टेपवर असं काहीबाही असायचंच. असतं ना. पण एक गोष्ट मनस्विनीसारख्या माणसालाच कळते. लांबचा आवाज कितीही मोठा करा, तो मोठा होतो, जवळ येत नाही. त्याच्याभोवतीची पोकळीही त्याच्याबरोबर मोठी होते. या आवाजाची पोकळी दर खेपेला कमी होत होती. टेपची खरखर होती तेवढीच राहिली, आणि बोलणारी मात्र पुढं सरकत होती.

त्या दुपारी तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि तिसऱ्यांदा आवाज वाढवला. घामानं हेडफोन कानाला चिकटत होते. खोलीत ओल्या सिमेंटचा वास आला. आठ दिवस त्या घरात धड बादलीभर पाणी सांडलं नव्हतं.

"दादा… वर हायेत का? झाकण… झाकण काढा ना…"

तिनं हेडफोन फेकले. मग तिला रागच आला. कंपनीवाल्यानं फाइलमध्ये काही घुसडलं असेल? पण कंपनीकडं फाइल अजून गेलीच नव्हती. मग बाबा? ती घरात नसताना ते वर येऊन टेपशी काही करत असतील का? आणि 'दादा' कोण? विचार करता करता ती खाली आली, आणि देवघरात पाठमोऱ्या बसलेल्या बापाकडं बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गीताबाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, नऊवारी, पायांवर जीपची धूळ. पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "सही करते बाई, पण एक सांगते. आमच्या बापानं तिचं नाव घ्यायचं नाय म्हून सांगितलं, ते मरंपतूर घेतलं नाय. तिच्यापायी माझं लगीन तीन वर्सं रखडलं. लई शिव्या दिल्या मी तिला. आता एकदा आवाज ऐकावा वाटतो. ऐकवता का?"

मनस्विनीला नाही म्हणवेना. गाणं ऐकवायला म्हणून तिनं त्यांना वर नेलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, गाण्याऐवजी ते अकरा सेकंद लावले. व्यंकटराव धापा टाकत मागून जिना चढून आले होते. त्यांना ऐकू येत नव्हतं. ते गीताबाईंचा चेहरा वाचत होते.

गीताबाई स्पीकरपाशी वाकल्या. "ही आमची द्वारका हाय. झाकण कसलं म्हणतीया ती? अवो, कसलं झाकण?"

व्यंकटराव जिन्याच्या तोंडाशीच खाली बसले.

"ती माइक सरकवायला हौदात उतरली होती," ते म्हणाले. "मी इथं तारा जोडत होतो. खाली पोर्चमध्ये आलो तर ती दिसेना. वाटलं, वर येऊन चहाला गेली असेल. आत न डोकावताच मी झाकण लावलं… रस्त्याचा आवाज नको म्हणून वर दोन गाद्या टाकल्या. गाताना हेडफोनमध्ये ठकठक येत होती. मी… हौदाचा आवाज कमी केला."

"बाबा!"

"गाणं लागलं होतं गं. असं पुन्हा लागलं नसतं." ते लहान मुलासारखे रडायला लागले. "मग नळाला पाणी आलं. आठ दिवसांनी, बरोबर तेव्हाच. संध्याकाळी झाकण उघडलं. गुडघाभर पाणी होतं, तिच्या चपला तरंगत होत्या. ती नव्हती. देवाशपथ सांगतो, आत कुणीच नव्हतं."

"मग पळाली म्हून का सांगितलं?" गीताबाईंनी विचारलं. आवाज अगदी शांत.

"आत कुणीच नव्हतं," व्यंकटराव पुन्हा तेच म्हणाले.

हौदाला एकच तोंड, त्यावर झाकण, झाकणावर गाद्या. आत उतरलेलं माणूस जाणार कुठं? आवाजातला कण न् कण ओळखणाऱ्या मनस्विनीला आपला बाप खरं बोलतोय की खोटं, तेवढं कळेना. तिला त्याची किळस आली आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं.

"फरशी काढा," गीताबाई म्हणाल्या.

शेजारच्या बांधकामावरचा गवंडी बोलावला. घण पडले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. वीज तासाभरापूर्वीच गेलेली, वरच्या खोलीतली सगळी यंत्रं बंद. झाकण सरकलं आणि तोच ओल्या सिमेंटचा वास वर आला. टॉर्चच्या उजेडात हौद कोरडा ठणठणीत होता. हाड नाही, चिंधी नाही. तळाशी गंजलेला माइक तोंड वर करून उभा होता, आणि त्याच्याशेजारी दोन चपला, दारात काढून ठेवाव्यात तशा जोडीनं. गवंड्यानं एकवार आत पाहिलं आणि हत्यारं तिथंच टाकून तो निघून गेला.

"मी अशा ठेवल्या नव्हत्या," व्यंकटराव पुटपुटले. "हौद बंद करताना मी त्या नुसत्या परत आत टाकल्या होत्या…"

गीताबाई गुडघ्यांवर बसल्या आणि हौदात वाकून त्यांनी हाक मारली. "द्वारकेऽऽ! अगं द्वारके, मी आलेय!"

हाक खाली गेली आणि परत आलीच नाही. ज्या हौदाच्या घुमाऱ्यावर अख्खी कॅसेट उभी होती, त्यात गादीवर मूठ मारल्याएवढाही आवाज उठला नाही. मनस्विनीनं टाळी वाजवून पाहिली. काही नाही.

तेवढ्यात आवाज आला. फार बारीक, फार लांबून.

"आले गं, आक्का…"

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गीताबाईंनी मान वर केली. घाबरल्या नाहीत त्या, अजिबात नाहीत. पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले.

"आले गं, आक्का."

या वेळी वरच्या खोलीतून. स्पीकरला वीज नव्हती, आणि आवाजाभोवती पोकळीही नव्हती. मनस्विनीनं बापाचा दंड घट्ट धरला.

"ये बाई," गीताबाई म्हणाल्या. "लई उशीर केलास." आणि त्या पोर्चच्या पायरीवर एका बाजूला सरकून बसल्या.

तिसरी हाक जिन्यातून आली. व्यंकटरावांचं मशीन अजून टेबलावरच पडलं होतं. मनस्विनीला ते इथून खिडकीतून दिसत होतं. त्याच्याशिवाय बापाला कानाशी वाजवलेलं ताट ऐकू येत नसे. तरी पुढची हाक तिला ऐकू येण्याआधीच त्यांनी तिचा हात सोडवला, भिंतीला पाठ लावली, आणि दारातून येणाऱ्याला वाट करून दिली.