बोटभर खाली

साहेब, गाडी न बघता तुम्ही अपघाताचा अहवाल लिहिला. चाक उघडलं नाही, ब्रेकचा ड्रम काढला नाही, घाटात पाय ठेवला नाही. अमरावतीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून एक ओळ लिहिली, ‘चालकाने उतारावर ब्रेकचा वापर केल्याचे दिसत नाही’, आणि खाली सही ठोकली. देवमन ड्रायव्हर घाटात एकदा मेला, तुमच्या कागदावर दुसऱ्यांदा. आता पुढचं ऐका.

अकोल्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्याला देवमनच्या पोराचं, धर्मेंद्रचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, समोर कडुनिंब, शेजारी कुलदीपचं टायरचं दुकान. ज्या जुन्या गाड्यांचा सारा जोर मागच्या चाकांवर असतो, त्या जीपा आणि अ‍ॅम्बेसेडर तो घेतो. पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवतो, मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि शॉकअप नवे घालतो. तेल्हाऱ्याहून लोक गाड्या घेऊन येतात. हात चांगला, तोंड वाईट. लिंबू-मिरची बांधलेली गाडी आली की आधी ती कापून फेकतो, मग बॉनेट उघडतो.

बाप ज्या पांढऱ्या सरकारी अ‍ॅम्बेसेडरमध्ये गेला, ती अकरा वर्षं तुमच्या आवारात सडली, मग लिलावात भंगारवाल्याकडे गेली. तिथून धर्मेंद्रनं ती आणली. फार चेपली नव्हती. धारणीहून परत येताना घाटातल्या वळणावर कठडा तोडून ती सागाच्या झाडाला अडकली होती. माणसाला मारलं ते स्टिअरिंगनं.

देवमनच्या ट्रंकेत एका अर्जाची कार्बन प्रत सापडली. तीनदा दिलेला अर्ज, तीन पोचशिक्के. घाटात गाडी धरत नाही, सबब पुढे डिस्क ब्रेक, ब्रेकचा जोर वाढवणारा एक बूस्टर, मागचे पाटे आणि चारी शॉकअप मिळावेत. धर्मेंद्रनं प्रत शेडच्या भिंतीला चिकटवली. बापानं मागितलेलं एकेक बसवायचं, आईला शेजारी घेऊन त्याच घाटातून गाडी उतरवायची आणि त्याच वळणावर उभी करायची, एवढं त्यानं ठरवलं होतं. एक गोष्ट मात्र तो कोणाला बोलला नाही. बापानं ब्रेक खरंच दाबला होता का, हे त्यालाही माहीत नव्हतं. त्याची आई सुंदराबाई हिला अकरा वर्षं बायका आडून विचारत आल्या होत्या, डोळा लागला होता का, घेतली होती का. तिलाही ते ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात पहिलं चाक उघडलं. ड्रम आतून निळा पडला होता. ड्रमला घासणारे लायनर जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. हे काम करणाऱ्या कुठल्याही माणसाला याचा अर्थ विचारा. अख्खा उतारभर पाय दाबून धरला तरच असं होतं. धर्मेंद्र लायनर घेऊन घरी गेला आणि आईच्या हातावर ठेवला.

“बाबानं दाबला होता, माय.”

सुंदराबाईनं लायनर नाकाशी नेला, पदराच्या टोकाला बांधला आणि भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र ड्रम गोणीत घालून तुमच्याकडे आला होता. आठवतं? तुम्ही हात लावला नाही. अकरा वर्षांनी कोण सांगणार कधी जळाला, म्हणालात, आणि टेबलावरची काच पुसायला शिपाई बोलावला.

तो परत आला आणि काम करत राहिला. डिस्क बसल्या, बूस्टर बसला, पाटे नवे, शॉकअप नवे. जॅक काढून गाडी चाकांवर उतरवली, तर चालकाची बाजू डावीपेक्षा बोटभर खाली. त्यानं टेप लावला. पाटे उजव्याचे डावीकडे, डाव्याचे उजवीकडे करून पाहिले. पाण्याची नळी धरून फरशीची पातळी तपासली. फरशी सपाट, गाडी बोटभर खाली.

कुलदीप बघायला आला आणि म्हणाला, की एका कुल्ल्यावर बसते बाप्पा तुमची गाडी, सरकारीच आहे शेवटी. धर्मेंद्रला हसू आलं नाही. त्यानं सरकीच्या ढेपेची गोणी आणून शेजारच्या सीटवर ठेवली. गाडी सपाट झाली. त्याच वेळी सुंदराबाई डबा घेऊन आली होती.

“किती किलोची हाय गोनी?”

“साठ.”

“नोकरीच्या कागदावर साठच होते ते,” ती म्हणाली, आणि डबा ठेवून नळावर हात धुवायला गेली.

बॉडी वाकली असेल, असं धर्मेंद्रनं स्वतःला सांगितलं. गोणी उतरवली.

राहिलं होतं ब्रेकची हवा काढायचं. हे दोन माणसांचं काम. एक वर बसून पॅडल दाबतो, दुसरा चाकाखाली झोपून नट ढिला करतो, हवेचे बुडबुडे तेलाबरोबर नळीतून बाटलीत येतात. खालचा ‘सोड’ म्हणत नाही तोवर वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा परत आत जाते.

दुपारचे दोन वाजले होते. पत्रा तापून कडकड वाजत होता. कुलदीप सीटवर बसला, धर्मेंद्र मागच्या डाव्या चाकाखाली शिरला.

दाब. दाबला. धर. धरला. सोड.

एक चाक झालं. धर्मेंद्र सरपटत उजव्या बाजूला आला. दाब, म्हणाला. वरून उत्तर आलं नाही, पण नट ढिला करताच तेल आलं. नट आवळला. सोड, म्हणाला. त्यानं डोकं बाहेर काढलं.

कुलदीप गाडीबाहेर उभा होता. एका पायात चप्पल नव्हती.

“धरमभाऊ, खाली पाय आहे.”

“कोनाचा?”

“मले काय मालूम. मी पॅडलवर ठेवाले गेलो तं मधात बूट होता.”

“ऊन लागलं तुले. पानी पी.”

कुलदीप पाणी न पिता गेला. चप्पल न्यायलाही वळला नाही.

धर्मेंद्रनं आत वाकून पाहिलं. चप्पल होती, पॅडल वर होतं, सीट रिकामी. त्याला राग आला. कोणाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो पुढच्या डाव्या चाकाशी जाऊन झोपला आणि मोठ्यानं म्हणाला, “दाब.”

नट ढिला केला. तेल आलं. बुडबुडे आले. नट आवळला.

“सोड.”

वर पॅडल उठल्याचा खट्ट आवाज झाला.

त्यानं तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा तेल स्वच्छ आलं. काम चोख होत होतं. इतकी नीट साथ त्याला कुठल्याच माणसानं दिली नव्हती.

शेवटचं चाक पुढचं उजवं. तिथून उघड्या दारातून पॅडल दिसत होतं.

“दाब.”

पॅडल खाली गेलं. सावकाश, पार तळाला.

“धर.”

त्यानं नट फिरवला, तेल काढलं, नट आवळला. पॅडल तळाला तसंच होतं.  ‘सोड’ म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात दारात सुंदराबाई दिसली. किती वेळ उभी होती, कोण जाणे.

“सोड म्हनू नको.”

“माय.”

“अमरावतीच्या क्वार्टरात मेकॅनिक देत नसत. ते खाली निजत, मी वर बसून दाबो. सांगितल्याबिगर पाय उचलाचा नाही म्हनत मले.” तिनं पॅडलकडे पाहिलं. “ज्यानं लिहिलं दाबला नाही म्हून, त्यालेच येऊ दे. त्यानं म्हनाव.”

साहेब, त्याला आज अठरा दिवस झाले. धर्मेंद्रनं पॅडलला जोडलेला मास्टर सिलेंडर काढून बाहेर ठेवला, पॅडल खालीच आहे. दोघा वेल्डरांनी पहार घालून उचलून पाहिलं. पहार वाकली. चारी चाकं सुटी केली तरी ते उठलं नाही.

बॅटरी शेजारच्या दुकानात पडली आहे. तरी ब्रेकचे मागचे लाल दिवे चालू आहेत.

शेडला कुलूप नाही. सुंदराबाई सकाळी येते, स्टूल घेऊन दाराशी बसते, संध्याकाळी उठते. तिला घाई नाही. आतल्यालाही घाई दिसत नाही. तुम्हाला एकच शब्द बोलायचा आहे, आणि तो बोलण्याआधी पॅडलवर हात ठेवायचा आहे.

कधी येता?