ब्रॅकनहिलच्या जाबेझचं मत

पहाट फुटत होती. नदीकाठचं सभाघर धुक्यात भुईकोटासारखं उभं होतं. तोफ नव्हती, बुरूज नव्हता, पण आज आत जी झुंज व्हायची होती ती भल्या भल्या गडांनी बघितली नसेल. साल सतराशे अठ्ठ्याऐंशी. अमेरिकेतल्या तेरा राज्यांनी इंग्रजांचा राजा हाकलला होता आणि आता सगळ्यांनी मिळून चालायचं म्हणून एक राज्यघटना लिहून काढली होती. नऊ राज्यांनी होकार दिला की ती लागू. आठांनी दिला होता. नववं हे, उत्तरेकडचं डोंगराळ राज्य, आणि इथं पारडं अगदी काट्यावर होतं.

पायरीवर बसला होता जाबेझ, ब्रॅकनहिल गावचा लोहार. त्या मुलखाची रीतच होती, की गावानं सभा भरवायची, आपला माणूस निवडायचा आणि मत काय द्यायचं ते कागदावर लिहून त्याच्या हातात ठेवायचं. जाबेझच्या कागदावर लिहिलं होतं, ‘नकार.’ लिहिणारा त्याचाच थोरला भाऊ एनॉक. धंदा जोडे शिवायचा, पण गावसभेचा मुखिया तोच.

निघताना एनॉक म्हणाला होता, "एक राजा घालवायला माझा पोरगा सायलस छातीवर गोळी झेलून गेला. दुसरा बसवायला माझा भाऊ हात लावायचा नाही."

"नाही लावणार, दादा."

तेव्हा खरंच तसं वाटत होतं हो. पण चार दिवस जाबेझ आत बसून ऐकत राहिला. कायदे करायला दोन सभा. एकीत माणसं मोजून जागा, दुसरीत लहान असो की मोठं, प्रत्येक राज्याला दोनच. हुकूम चालवणारा वेगळा आणि चार वर्षांनी परत लोकांच्या दारात येणारा. न्याय करणारे तिसरे. एकानं माज केला तर दुसऱ्यानं वेसण ओढायची. मग यात राजा बसणार कुठं, या विचारानं जाबेझची झोप उडाली.

तेवढ्यात कर्नल थॅचर आले. होकारवाल्यांचे म्होरके, गोड बोलणारं माणूस.

"जाबेझराव, दुपारी आमच्याकडे जेवायला या. नकारवाले आणखी तिघं येतायत. अख्खं डुक्कर भाजलंय."

"मत तर दुपारीच आहे."

"म्हणून तर जेवण लांबणार आहे!" कर्नल हसले. "होकार द्या असं कोण म्हणतंय? नुसतं खात राहा. गावाचा हुकूमही मोडत नाही आणि राज्यघटनेलाही आडवं जाणं होत नाही."

जाबेझ गेला. पानावर बसला. बाकीचे तिघं हाडं चोखत होते. सभेची घंटा वाजली तशी त्यानं सुरी खाली ठेवली.

"बसा हो," कर्नलांनी बाही धरली. "तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"माझा भाऊ विचारणार आहे. मी ताटामागं लपलो होतो, हे त्याला सांगू?"

आणि तो सरळ सभाघरात गेला. नाव पुकारलं. जाबेझ उभा राहिला.

"माझ्या गावाचा हुकूम आहे, नकार," तो म्हणाला. "पण माझा पुतण्या सायलस फौजेत माझ्या मांडीवर मेला. मी भावाला सांगितलं, गोळी लागली. खोटं होतं ते. थंडीनं पाय कुजून मेला. फौज पोसणारी तेरा राज्यांची मध्यवर्ती सभा खर्चासाठी राज्यांपुढं हात पसरायची आणि प्रत्येक राज्य म्हणायचं, शेजाऱ्याकडनं घ्या. जोड्यांनी भरलेला गाडा दोन राज्यांच्या शिवेवर उभा होता. घोडे कुणी द्यायचे यावर भांडण चाललं होतं. माझं मत होकार."

होकार जिंकला. बाहेर घंटा वाजल्या, लोक नाचले. जाबेझ एकटाच पायी गावाकडं निघाला. पण बातमी त्याच्या आधीच घोड्यावरनं गेली होती, मताचीही आणि सायलसचीही.

गावसभा भरलेलीच होती. मुखियाच्या जागी एनॉक. त्या बातमीनं दहा वर्षांनी म्हातारा झालेला.

"गावाचा हुकूम मोडलास?"

"मोडला."

"याला पुन्हा कधी गावाच्या वतीनं बोलू देऊ नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. जाबेझनंही केला. शब्द मोडला होता, त्याचं मोल त्याला ठाऊक होतं. एनॉकनं एकेक हात मोजला, भावाचाही मोजला, आणि सभा उठली.

रिकाम्या बाकांमध्ये दोघंच उरले.

"सायलस किती दिवस चालला अनवाणी?" एनॉकनं विचारलं.

"अकरा."

"मी जोडा पाठवला होता. आतून मेंढीची लोकर लावून. त्याच्या मापाचा."

"त्याच गाड्यात होता, दादा."

एनॉक बाकावरून उठला.

"मग तुझं मत बरोबर होतं," तो म्हणाला. "आता माझ्या दारात येऊ नको. तू दिसलास की मला त्याचे पाय दिसतील."

तीन वर्षांनी त्या राज्यघटनेला दहा कलमं जोडली गेली. बोलायची मोकळीक, पंचांपुढं न्याय, एनॉकला हवं होतं ते बरंचसं. कागद गावात आला तेव्हा त्यानंच उभं राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवला. जाबेझ दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. आत कुणी बोलावलं नाही, आणि वाचून संपलं तसा तो आपल्या भट्टीकडं निघून गेला.